आजीची गोष्ट ऐकताना

धारूर, जि. बीड

चि. सोनीस,


गणपतीच्या सुट्टीत आपण कॅनडाच्या सारा पॉलीचा ‘स्टोरीज वुई टेल’ हा 2012 सालचा माहितीपट पाहिला. तेव्हापासून आजीची गोष्ट मोबाईलवर रेकॉर्ड करायचं तुझ्या मनात आहे, असं तुझी आई म्हणाली. जरूर कर. पण आधी थोडं ऐक.

साराची आई 1990 साली गेली, तेव्हा सारा 11 वर्षांची. आपले जन्मदाते वडील वेगळेच आहेत, हे तिला मोठेपणी कळलं. ज्यांनी वाढवलं त्या वडिलांनी आपली हकीगत स्वतः लिहिली आणि चित्रपटात स्वतःच वाचली. आईला विचारायची सोय मात्र उरली नव्हती. आपली आजी अजून ओसरीवर ज्वारी निवडत बसते.

तिची गर्भाशयाची ‘पिशवी काढली’ एवढंच घरात बोललं जातं, तेही पुरुषमाणसं उठून गेल्यावर. त्यामागचं समजून घे. आजी ऊसतोडीला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेतलेली, खाडा पडला की दंड. फडात ना संडास, ना आडोसा, ना पुरेसं पाणी. अंगावरून जायला लागलं की डॉक्टर कॅन्सरची भीती घालायचे आणि ऑपरेशनचा खर्च पुन्हा कर्जात जायचा. 2019 साली राज्य सरकारच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातला आकडा आला: 13 हजारांहून अधिक ऊसतोड बायांची गर्भाशयं काढलेली. मग यात आजीने लाजावं असं काय आहे?

म्हणून मोबाईल आधी बाजूला ठेव. तिच्यासोबत ज्वारी निवड. कारखाना कोणता होता, खोपीत शेजारी कोण असायचं, भाकरी किती वाजता थापायची, हे विचार. पुढचं ती आपणहून बोलेल. थांबली तर तूही थांब. रेकॉर्ड केलेलं आधी तिला ऐकव आणि ती म्हणेल ते पुसून टाक. सोसलं तिने, तेव्हा कुणाला काय सांगायचं तेही तिनेच ठरवायचं.

एक मात्र तिला विनवून बघ. मामी अजून तोडीला जाते, तिच्यासमोर बोलशील का, असं विचार. आता अशा ऑपरेशनआधी खाजगी दवाखान्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असं बंधन 2019 पासून आपल्या जिल्ह्यात आलं आहे. पण फडावर गेलेल्या बाईला हे कोण सांगणार? आजीने सांगितलं तर मामी घाईने हो म्हणणार नाही.

दसरा झाला की टोळ्या निघतील. त्याआधी ये.

तुझी,
मावशी