शेतात सोयाबीन, ताटात पातळ आमटी

राजारामपुरीतल्या माझ्या दवाखान्यात आसपासच्या खेड्यांतूनही पेशंट येतात. त्यांपैकी एक पस्तिशीतल्या बाई. चढ चढताना धाप, पायांत गोळे, कायम थकवा. तपासणीत हिमोग्लोबिन ८ निघाले. जेवणात काय असते, असे विचारले तर म्हणाल्या, "भाकरी, भात, आमटी." उसळ? "करतोय की, पण पोरांस्नी आनि मालकास्नी वाढली की मागं रस्साच ऱ्हातोय." शेतात काय पिकते, या प्रश्नावर त्या हसून म्हणाल्या, "सोयाबीन. पर ते मिलला जातंय डॉक्टर. पेंड जनावरं खात्यात. माणसं कुठं खात्यात?"

वाचकहो, आजचा लेख या उत्तरावरच आहे.

कोल्हापूरकराला कडधान्यांची ओळख करून द्यायला नको. मिसळीचे गाव आपले. पण हॉटेलात बसल्यावर आपण 'कट आण' म्हणतो, 'मटकी आण' म्हणत नाही! कटात मुख्यतः तेल, तिखट आणि मीठ. खरी ताकद तळाच्या मटकीत असते. घरीही तेच होते. रस्सा सर्वांना, दाणे मोजक्यांना आणि घरच्या बाईला उरलेसुरले.

कडधान्यांत असते तरी काय? १०० ग्रॅम मूग, मटकी किंवा हरभऱ्यात साधारण २० ते २४ ग्रॅम प्रथिने असतात. सोयाबीनमध्ये ३६ ते ४०. साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. भाकरी-चपातीच्या प्रथिनांत जो घटक कमी असतो तो कडधान्यांत भरपूर असतो. म्हणून उसळ-भाकरी ही जोडी उत्तम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारसूचनेत डाळी-कडधान्यांना (मांसाहारी व्यक्तींनी अंडी-मांस त्यातच धरून) रोज ८५ ग्रॅम जागा दिली आहे. पातळ आमटीने ती भरत नाही.

मधुमेहींना उसळीचा विशेष फायदा. तिच्यातील चोथा व प्रथिनांमुळे रक्तातली साखर हळूहळू चढते. मात्र ताटात उसळ वाढली तर भात तेवढा कमी करावा. चोथ्यामुळे कोलेस्टेरॉल काही प्रमाणात उतरते आणि पोटही साफ राहते.

आता करण्याच्या गोष्टी :

१) कडधान्य रात्री भिजवून ते पाणी टाकून द्या. मोड काढून नीट शिजवा. गॅसेसची तक्रार असेल तर दोन चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू वाढवा.

२) उसळीवर लिंबू पिळा. कडधान्यातले लोह अंगी लागायला त्याची मदत होते. जेवणाला लागून चहा घेऊ नका, तो लोह अडवतो. मिसळीनंतरचा चहासुद्धा तासभर थांबू शकतो!

३) सोयाबीन कच्चे खाऊ नये. त्यात प्रथिने पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेने निष्प्रभ होतो. धुतलेले सोयाबीन उकळत्या पाण्यात २५ मिनिटे शिजवा, उन्हात खडखडीत वाळवा आणि ९ किलो गव्हात १ किलो या प्रमाणात दळणाला द्या. चपातीच्या चवीत फारसा फरक पडत नाही. सोयावडीची भाजीही चांगली.

४) महत्त्वाचे : पेरणीसाठी आणलेल्या बियाण्याला औषध लावलेले असते. ते धुऊनसुद्धा खाऊ नये.

काहींना जपायला हवे. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी व सोयाबीन यांत चार तासांचे अंतर ठेवावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवावे. सोयाबीनने पुरुषत्व कमी होते, अशी शंका तरुण मुले दबक्या आवाजात विचारतात. रोजच्या आहारातील प्रमाणाने तसे काही होत नाही. मात्र सोयाबीन म्हणजे सर्व रोगांवरचे औषध, हेही खरे नाही. ते एक स्वस्त आणि सकस अन्न आहे, इतकेच.

त्या बाईंना मी लोहाच्या गोळ्या दिल्याच, कारण एवढी रक्तक्षयाची कमतरता नुसत्या उसळीने भरून निघत नाही. पण गोळ्या संपल्यावर पुन्हा तेच ताट असेल तर दुखणे परतणारच. म्हणून पुढच्या वेळी मालकांनाही सोबत बोलावले. मी त्यांना एकच सांगितले, "या सुगीला सगळी पोती बाजारात घालू नका. एक घरात ठेवा. आणि उसळ वाढताना पहिली वाटी हिची भरा." ते काही बोलले नाहीत. तीन महिन्यांनी बाई एकट्याच आल्या, चढ चढून, न धापता. म्हणाल्या, "आता मालकच इचारत्यात, तुझी वाटी कुठं हाय?"

आज रात्री जेवायला बसाल तेव्हा आपल्या घरातही हा प्रश्न विचारून पाहा.