भाकरी पळवणारे कुत्रे

चंदीगड शहराच्या कडेला, किशनगड गावाजवळ आयटी पार्क वसलेला आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेली तरुण मंडळी तेथे नोकरी करतात. घरापासून दूर, एकट्याने राहणाऱ्या अशा माणसाने कुत्रे पाळले असेल, तर संध्याकाळी कुलपात किल्ली फिरण्यापूर्वीच ते दाराशी येऊन उभे राहते. धन्याचा हुद्दा काय, आज साहेबांनी त्याला काय सुनावले, यातले त्या मुक्या जिवाला काहीही ठाऊक नसते. त्याला फक्त पावले ओळखता येतात. भक्तीच्या वाटेवर ज्याला अनन्यता म्हणतात, तिचे इतके उघड रूप माणसाच्या व्यवहारात क्वचितच आढळते. म्हणूनच पाळीव प्राण्याच्या निष्ठेवरून ईश्वरनिष्ठेचा दृष्टान्त देण्याची प्रथा पडली असावी. धनी म्हणजे देव आणि कुत्रे म्हणजे भक्त.

दृष्टान्त गोड आहे. पण त्यात एक अडचण आहे. त्यात माणूस नकळत देवाच्या जागी जाऊन बसतो. शिवाय आपल्या कुत्र्याला दूधपोळी घालणारा हात दारातल्या भटक्या कुत्र्यावर काठी उगारतो, तेव्हा त्या प्रेमाला काय म्हणावे? ते ममत्व असते. ‘माझे’ या शब्दाच्या कुंपणाबाहेर ते जात नाही.

संत नामदेवांची (१२७०–१३५०) प्रसिद्ध कथा नेमकी या कुंपणापाशी येते. नामदेव जेवणाच्या तयारीत असता एक कुत्रे भाकरी तोंडात धरून पळाले. नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. भाकरी कोरडी आहे, ती तशीच खाऊ नये, एवढीच त्यांची विनवणी होती. हे कुत्रे त्यांनी पाळलेले नव्हते. त्याला नाव नव्हते, नामदेवांवर त्याची निष्ठाही नव्हती. उलट ते चोरी करून निघाले होते. या कथेत दृष्टान्ताची बाजूच उलटते. देव पुढे पळतो आहे चार पायांनी, आणि भक्त मागे धावतो आहे. बालपणी विठ्ठलाला नैवेद्य खाऊ घालण्याचा हट्ट धरणारा नामा आणि तूप घेऊन धावणारे नामदेव यांच्यामध्ये केवढे अंतर पडले आहे! लहानपणी देव राउळात होता.

संत एकनाथांची कथाही याच जातीची. रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेले गंगाजल त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखात घातले. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात तर युधिष्ठिर स्वर्गाच्या दाराशी अडून बसतो. सोबत आलेल्या कुत्र्याला टाकून स्वर्ग घेण्यास तो नकार देतो. ते कुत्रे म्हणजे साक्षात धर्म होता, हे त्याला नंतर कळते. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी कळले असते, तर त्या नकाराची किंमत किती उरली असती?

चंदीगडच्या विद्यार्थ्याला नामदेव परके नाहीत. त्यांचे पंजाबातील वास्तव्य गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे झाले, अशी परंपरा आहे. त्यांची ६१ पदे ‘गुरु ग्रंथसाहिबा’त समाविष्ट आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ८८ वे अधिवेशन त्याच घुमानमध्ये भरले होते. पंढरपुरात मात्र नामदेवांची जागा महाद्वाराच्या पायरीशी आहे. देवळात जाणाऱ्या भक्तांच्या पायांची धूळ अंगावर पडावी, म्हणून त्यांनी ती मागून घेतली, असे वारकरी सांगतात. ती पायरी उघड्या वाटेवर आहे. तिथून माणसे जातात, आणि एखादे भुकेले कुत्रेही.