घरची पाणबुडी, सरकारचे तळे

प्रश्न : आम्ही पेडणे तालुक्यात राहतो. पुतण्या आयटीआय झालेला फिटर, मी निवृत्त मेकॅनिक. दोघांनी मिळून एक माणूस बसेल एवढी पाणबुडी बनवली आहे. जाड पोलादी नळा, पुढे अ‍ॅक्रेलिकची गोल खिडकी आणि बॅटरीवर फिरणारा पंखा. मयेच्या तलावात चाचणी घ्यायचा विचार आहे, पण ओळखीचे लोक ‘पोलीस पकडतील’ म्हणून घाबरवतात. पाणबुडीला बंदी घालणारा कायदा गोव्यात आहे का? मये नाही तर आमठाणे धरणात किंवा डिचोलीतल्या बंद खाणीच्या खंदकात उतरवली तर चालेल का? पैसे घेऊन कोणाला बसवायचे नाही, निव्वळ छंद आहे.
— एक वाचक, पेडणे

उत्तर : आधी दोघांचे कौतुक. आता वाईट बातमी. ‘खाजगी पाणबुडीला बंदी’ असे शब्द कायद्यात शोधत बसाल तर सापडणार नाहीत, आणि म्हणून परवानगी आहे असे समजाल तर फसाल. तुमच्या वाटेत दोन गोष्टी येतात. जे बनवले ते कायद्याच्या नजरेत जलयान आहे, आणि जिथे उतरवणार त्या पाण्याला मालक आहे.

जलयानाचे आधी पाहू. 1917 चा जुना कायदा जाऊन त्याच्या जागी अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 आला. त्यात जलयानाची व्याख्या चांगलीच ऐसपैस आहे. अंतर्गत पाण्यात वापरता येईल असे कोणत्याही प्रकारचे यान तिच्यात येते, आणि तलाव हे अंतर्गत पाणीच. पाणबुडी पाण्याखाली चालते म्हणून ती त्यातून सुटते, असा युक्तिवाद मी तरी कोर्टात करणार नाही. पेट्रोल नसून बॅटरी आहे, याचाही उपयोग नाही. यंत्राने चालणे महत्त्वाचे. अशा यानाला तपासणीचा दाखला, नोंदणी, विमा आणि चालवणाऱ्याकडे पात्रतेचे प्रमाणपत्र लागते. गोव्यात हे काम पणजीच्या बंदर कप्तान खात्याकडे. खरे म्हणजे नळ्याला पहिला टाका मारण्याआधीच आराखडा घेऊन तिथे जायला हवे होते. ‘पैसे घेत नाही’ या मुद्द्याने भाड्याच्या प्रवाशांविषयीच्या तरतुदी टळतील, तपासणी टळणार नाही. शिवाय भारतीय न्याय संहितेचे कलम 282 आहेच. दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असे बेदरकारपणे जलयान चालवले तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, मग यान हौसेचे असो की धंद्याचे.

आता पाणी. कोणा खाजगी माणसाची मालकी सिद्ध होत नाही अशा नद्या, नाले, तळी गोव्याच्या 1968 च्या जमीन महसूल संहितेच्या कलम 14 प्रमाणे सरकारची. सरकारची म्हणजे सगळ्यांची, आणि म्हणून आपलीही, असा आपला गोड समज असतो. पण सार्वजनिक पाण्याचा सरकार विश्वस्त आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने कमलनाथ प्रकरणात 1997 पूर्वीच मांडून ठेवले आहे. विश्वस्ताने एकाच्या छंदासाठी बाकीच्यांना धोक्यात घालायचे नसते. मयेत पर्यटक बोटीत फिरतात. खालून वर येणाऱ्या पाणबुडीला डोक्यावरची पेडल बोट दिसत नाही, आणि पेडल मारणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. तिथे पर्यटन विकास महामंडळ नाही म्हणाले तर मला त्यात काही गैर वाटणार नाही.

आमठाण्याचा विचार तर सोडूनच द्या. ते पाणी गरज पडली की अस्नोड्याच्या शुद्धीकरण प्रकल्पाला जाते, म्हणजे बार्देशच्या घराघरांत. बॅटरीचे आम्ल किंवा तेल त्यात सांडले तर प्रकरण जलस्रोत खात्यापुरते राहणार नाही. शिवाय तिथे मगरी आहेत. मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येते. तिला संरक्षण आहे, तुम्हाला नाही.

खाणीचा खंदक मात्र तुम्हाला सगळ्यात सोपा वाटत असणार. कोणी पाहत नाही, पाणी निवळ, खोली भरपूर. माझ्या मते तीच जागा सगळ्यात वाईट. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचे नूतनीकरण रद्द केले, खाणी थांबल्या आणि खंदक भरले. पण ‘बंद’ म्हणजे ‘बेवारस’ नव्हे. डिचोली, शिरगाव-मये हे ब्लॉक 2022 अखेरच्या लिलावात गेले. आत शिरणे म्हणजे दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत घुसणे. कडा ढासळत्या, उतरायला धड वाट नाही. पावसाळ्यात नदी-तलाव-खंदकांत उतरायला उत्तर गोव्याचे जिल्हाधिकारी अधूनमधून बंदी आदेश काढतात, तो वेगळाच.

आणि खोलीचे गणित करा. दर 10 मीटरला पाण्याचा दाब चौरस सेंटीमीटरमागे साधारण एक किलोने वाढतो. तुमची खिडकी 30 सेंटीमीटर व्यासाची धरली तर 10 मीटरवर तिच्यावर जवळपास 700 किलोचा भार येतो. डिचोलीचे काही खंदक याहून कितीतरी खोल आहेत. जून 2023 मध्ये ‘टायटन’ ही पाणबुडी फुटून पाच जण गेले. त्या यानाचे कोणत्याही मान्यताप्राप्त संस्थेकडून वर्गीकरण करून घेतलेले नव्हते, आणि मालकाकडे पैशांची कमी नव्हती.

शापोऱ्याचे विचाराल, तर ती नदी राष्ट्रीय जलमार्गांच्या 2016 च्या यादीत आहे. तिथे नियम सैल होत नाहीत.

पैशाची एक बाब तुम्ही विचारली नाही, पण सांगतो. आयुर्विम्याच्या प्रस्तावात धोकादायक छंदांचा रकाना असतो. तो कोरा सोडून अशा यानात काही झाले तर कंपनी दावा फेटाळायला कारण शोधणार, आणि ते तिला आयतेच मिळेल.

मग करायचे काय? स्वतःच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर असलेल्या जागेत टाकी किंवा शेततळे असेल तर आत माणूस न बसवता, वाळूची पोती भरून, दोरीला बांधून यान बुडवून पाहा. अशा कोंडलेल्या खाजगी पाण्यात जलयान कायदा लागू होत नाही असे माझे मत आहे. गळती, दाब, वर येणे हे सगळे तिथेच कळेल. त्या नोंदी आणि आराखडा घेऊन बंदर कप्तान खात्याकडे लेखी अर्ज करा; तोंडी ‘हो’वर विसंबू नका. नकार आला तर तोही लेखी मागा, कारण अपील त्याच्यावरच करता येते. लेखी होकार हातात येईपर्यंत पुतण्याला आत बसवून झाकण लावू नका.