कापूस अजून विकला नसेल तर

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

खामगाव,
संक्रांतीनंतरचा रविवार

चि. बाळू यास आत्याचा आशीर्वाद.

फोनच करणार होते. पण तुझ्या खोलीत सदा तिघं-चौघं बसलेले आणि तू "हो आत्या, हो आत्या" म्हणत फोन ठेवून देतोस. म्हणून कागद घेतला.

काल काकूचा फोन आला होता. भाऊनं मागच्या खोलीतला कापूस विकायला काढलाय, व्यापारी येऊन बघून गेला, आणि कारण काय, तर पोराला गेमिंगचा लॅपटॉप पाहिजे, ८५ हजारांचा. वर तू रात्र-रात्र गेम खेळतोस, असंही तिला नांदुऱ्याच्या कोणीतरी सांगितलंय म्हणे. ते मी ऐकून सोडून दिलं, काकूच्या जिभेला हाड नाही हे आपल्याला ठाऊक आहे. पण कापसाचं खरं आहे का? तेवढं आधी कळव.

हिशेब तुला येतो, तरी मांडते. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७७१० रुपये. म्हणजे ८५ हजारांना अकरा क्विंटल कापूस, तोही हमीभावानं मोजला तर. दारात येऊन मोजणारा व्यापारी तेवढा देत नाही. आपल्या कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल आला की आपण बरं वर्ष म्हणतो. दोन एकरांहून जास्तीचं पीक झालं हे, बी-खत-फवारणी आणि वेचणीची मजुरी अजून वजा केलीच नाही. २०२२ मध्ये भाव दहा हजारांवर गेला तेव्हा भाऊची खोली रिकामी होती. पुढच्या वर्षी त्यानं कापूस धरून ठेवला, तर भाव उतरला आणि कापूस पिवळा पडला. तेव्हापासून तो कशालाही "असू दे" म्हणतो. काहून म्हणतो, हे कधी विचारलंस त्याला?

आता लॅपटॉपचं. माझं आयुष्य आधी टाइपरायटरच्या खडखडाटात आणि मग एमएस-सीआयटीच्या वर्गात गेलं, तेव्हा 'गेमिंग' शब्द ऐकून मी काही डोक्याला हात लावून बसणार नाही. तुझं मेकॅनिकल. सॉलिडवर्क्स आलं, पुढं अॅन्सिस येईल. त्याला १६ जीबी रॅम, दमदार प्रोसेसर आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलं की काम सुखाचं होतं, आणि हे तिन्ही एकत्र दुकानात गेमिंगच्याच नावानं मिळतं. पण सुटे भाग आणि लहानसहान असेंब्ली वेगळ्या कार्डाशिवायही निघतात. तुझं काम यातलं कोणतं? तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या पोरांना विचार. कॉलेजची लॅब संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते तेही विचार. दुकानदाराला मात्र विचारू नकोस.

जड मशीनचं दुखणंही ऐकून ठेव. अडीच किलो ते आणि अर्ध्या किलोच्या वर त्याचा चार्जर. एसटीत उभ्यानं घरी येतोस तेव्हा हे सगळं पाठीवर. खरं काम सुरू केलं की बॅटरी तास-दीड तास टिकते, आणि वायर काढली की त्याचा वेगही उतरतो. वीज गेली की तुझं कामही थांबलं. शिवाय बहुतेक कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असं लिहितात. घाटावरच्या बुलढाण्याला ते कसंबसं जमेल. आपण घाटाखालचे, मे महिन्यात तुझ्या शेगावला पारा ४४ वर जातो. पत्र्याच्या खोलीत पंखे घोंघावतील आणि मशीन तापून आपणहून मंद होईल. गादीवर ठेवून तर कधीच चालवू नकोस.

हलका सव्वा किलोचा, दिवसभर चालतो, दिसायलाही देखणा. पण पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, नंतर वाढवता येत नाही. आठ जीबीचा घेतलास तर चार वर्षं आठच. आणि मित्राकडे आहे म्हणून मॅकबुक घेशील तर सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतं, लक्षात ठेव. बिनव्याजी हप्त्यांचंही ऐकू नकोस. रोखीची सूट जाते, वर प्रोसेसिंग फी लागते.

पुन्हा तिथंच येते. व्यापाऱ्यानं इसार दिला का? दिला नसेल तर भाऊला आठ दिवस थांबव.

कारण काकूनंतर मी भाऊलाही फोन लावला. तो म्हणाला, "पोरगं तर म्हणते साधा हलका चालते मले, मीच म्हटलं चांगला घे." आता खरं कोणाचं? काकूचं खरं असतं तर तुला रागावून मोकळी झाले असते. भाऊचं ऐकलं आणि मला झोप लागली नाही.

तुझे आजोबा, आबा, तुला आठवत नसतील. मी टायपिंग शिकत होते तेव्हा जळगाव जामोदच्या एका वकिलांची जुनी रेमिंग्टन विकायला निघाली होती. आबा शेतातून आले, पायही धुतले नव्हते, विचारलं, "लागते का तुले?" मी म्हटलं, "नाही, क्लासचा तास पुरतो." पुरत नव्हता. एका मशीनवर आम्ही पाळीपाळीनं बसायचो, बोटं वळेपर्यंत तास संपायचा. इंग्रजी तीसची परीक्षा निघाली, चाळीसची राहिली, आणि लिपिकाची जागा चाळीसवाल्यांना गेली. आबा गेल्यावर मायनं सांगितलं, त्यांनी पैसे बाजूला काढून ठेवले होते, मी नको म्हटल्यावर त्यातून गोऱ्हा आणला. गोऱ्हा चांगला निघाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांना खरं सांगायला हवं होतं, असं मला अजूनही वाटतं. त्यांनी विचारलं होतं रे.

तेव्हा वर जे रागावले ते अर्धं परत घेते. मित्रांना दाखवायला मोठा मागत असशील तर सगळं लागू. पण काम खरंच मोठ्या मशीनचं असेल आणि कापसाची खोली डोळ्यांपुढे आणून तू "हलका चालते" म्हणत असशील, तर तसं म्हणू नकोस. भाऊला सांगवत नसेल तर मला सांग. माझी पोस्टातली आरडी मार्चमध्ये सुटते. तोवर लॅबवर भागव. निम्मे माझे, निम्मे कापसाचे, म्हणजे कापूसही निम्माच निघेल. काकूला यातलं काही कळू देऊ नकोस, नाहीतर उद्या साऱ्या गावात होईल की आत्यानं पोराला गेम घेऊन दिला.

रात्री जागतोस हे मात्र खरं असणार, मागच्या वेळी डोळे बघितले होते तुझे. मेसचं जेवण आवडत नसेल तरी वरण-भात खात जा. शनिवारी दुपारच्या गाडीनं ये, येताना सीनियर मुलांनी काय सांगितलं ते कागदावर लिहून आण, आपण दोघं बसून बघू. शेगावची कचोरी आणू नकोस, डॉक्टरांनी मला तळलेलं बंद केलंय. आणलीसच तर दोनच आण.

तुझी
आत्या