ओळखीचा भाडेकरू

तीस वर्षं मी धर्माबादेत टपाल वाटलं. स्टेशनपासून मोंढ्यापर्यंत कुणाचं दार कुठं, कोण कुणाचा जावई, सगळं तोंडपाठ. २०१७ साली निवृत्त झालो, ग्रॅच्युइटीचा पैसा हाती आला आणि एखादं घर घेऊन भाड्याने द्यावं असं मनात आलं. पेन्शनला तेवढाच हातभार. गाव आपलं, माणसं आपली, मग भीती कशाची? माझं जे नुकसान झालं ते याच भरवशावर झालं. तालुक्याच्या गावात जो कुणी आज या विचारात असेल, त्याने ईसार देण्याआधी हे वाचावं म्हणून लिहितो आहे.

पहिला फटका प्लॉटचा. विकणारा शाळेपासून ओळखीचा. शेताचे तुकडे पाडून आखलेले प्लॉट, एनए नाही, व्यवहार शंभराच्या बाँडवर. ‘सगळे असंच घेतात’ म्हणाला, मी एक लाख ईसार दिला. सातबारा काढला तो त्यानंतर. त्यावर त्याच्या दोन बहिणींची नावं होती आणि त्यांना या व्यवहाराची खबरही नव्हती. त्यांची हरकत रास्तच. वडिलांच्या जमिनीत मुलींचाही तेवढाच हक्क. ईसारातले चाळीस हजार परत आले, तेही दोन वर्षांत, हप्त्याहप्त्याने. सातबारा, फेरफार, एनएचा आदेश, मंजूर लेआउट आणि लेआउट मोठा असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक, एवढं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ईसार देऊ नका. द्याल तो चेकने द्या. नोटरी केलेल्या बाँडने मालकी येत नाही, ती रजिस्ट्रीनेच येते.

पुढच्या वर्षी बांधलेलं घर घेतलं, रीतसर रजिस्ट्री करून. खाली-वर दोन-दोन खोल्या. एकूण पंधरा लाख, त्यातले आठ लाख बँकेचं कर्ज, नऊ टक्क्यांनी. एजंट म्हणाला होता, शेजारी बासरला ट्रिपल आयटी आहे, पोरं खोल्या शोधत येतील. पण २००८ साली सुरू झालेलं ते विद्यापीठ निवासी आहे, पोरं आतच राहतात. आमच्याकडे भाड्याने राहतो तो बदलीचा माणूस: बँकेतला, शाळेतला, दवाखान्यातला. त्याची बदली झाली की खोली रिकामी, आणि पुढचा येईपर्यंत कुलूप.

हिशेब मांडून दाखवतो. दोन बिऱ्हाडं, प्रत्येकी तीन हजार, म्हणजे वर्षाचे बहात्तर हजार. कर्जाचं पहिल्या वर्षाचं व्याजच जवळपास तेवढं. घर दोन महिने रिकामं राहिलं, उरले साठ. घरपट्टी, बोअरची मोटर, गळती मिळून चौदा हजार गेले. हाती शेहेचाळीस. पंधरा लाखांवर हे तीन टक्के झाले. आमच्यासारख्या गावात भाड्याच्या जोरावर कर्ज फिटत नाही. कर्ज काढायचंच असेल तर भाडं शून्य धरून हप्ता झेपतो का ते पाहावं.

खालच्या खोल्या मोंढ्यात कामाला असलेल्या एका मुलाला दिल्या. वडील माझ्या बैठकीतले. “कागद कशाला काका, मी काय पळून चाललो का?” तरी बाँडवर अकरा महिन्यांचा करार लिहिला, सह्या झाल्या. नोंदणी केली नाही. अकरा महिन्यांच्या कराराला ती लागत नाही असंच मी ऐकत आलो होतो.

पहिलं वर्ष सुरळीत गेलं. दुसऱ्या वर्षी मिरचीचा हंगाम लागला. धर्माबादची लाल मिरची दूरवर जाते, त्या दिवसांत गावाच्या हवेलाच तिखट वास असतो, म्हणून मलाही काही वेगळं वाटलं नाही. एके दिवशी वरच्या बिऱ्हाडातल्या ताई म्हणाल्या, “काका, लेकराला रात्रभर ठसका लागतोय.” खाली जाऊन दार लोटलं. आतल्या खोलीत छतापर्यंत पोती रचलेली. बाहेरच्या खोलीत चार बायका तोंडाला पदर बांधून देठ खुडत बसलेल्या. स्वयंपाकाच्या ओट्यावर वजनकाटा.

वरचं बिऱ्हाड महिन्यात गेलं. खालच्याने भाडं थांबवलं. माल विकला की देतो, म्हणायचा. विजेचं बिलही थकलं आणि मीटर माझ्या नावावर. कुणी सांगितलं, लाईट तोडा, नळ बंद करा, आपोआप जाईल. वकिलांनी मला वेळीच अडवलं. भाडेकरूचं पाणी-वीज तोडणं हा घरमालकाचाच गुन्हा ठरतो.

त्यांच्याकडूनच कळलं ते प्रत्येक घरमालकाने नीट ऐकावं. मराठवाड्यात पूर्वी हैदराबाद राज्याचा १९५४ चा भाडे कायदा होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं. वर मालकाला दंड किंवा कैदही होऊ शकते. जागा फक्त राहण्यासाठी दिली होती हे माझं म्हणणं त्या बाँडवर उभंच राहत नव्हतं. अखेर त्याच्या वडिलांनी मध्यस्थी केली. थकलेलं भाडं सोडलं, बिल मी भरलं, तेव्हा खोल्या सुटल्या.

रंगाऱ्याने भिंतीला पॉलिश पेपर लावला आणि दोन मिनिटांत नाकाला फडकं धरून बाहेर आला. गिलाव्याच्या भेगांत मिरचीची पूड बसली होती. रंगाचे दोन हात दिले, तरी पावसाळ्यात भिंत ओलावली की ठसका उठायचा.

जी नोंदणी मी टाळली, तिचा खर्च केवढासा? नगरपालिका हद्दीत नोंदणीला हजार रुपये आणि लिव्ह अँड लायसन्सच्या करारावर पाव टक्का मुद्रांक लागतो, म्हणजे आमच्या भाड्यावर शंभराच्या आसपास. आता हे घरी बसून, अंगठा लावून होतं. मी वापराची अट स्पष्ट लिहितो, दोन्ही मजल्यांना वेगळे मीटर घेतले आहेत आणि चावी देताना रीडिंगचा फोटो काढतो.

गेल्या जूनमध्ये दवाखान्यातल्या एक सिस्टर बिऱ्हाड घेऊन आल्या. कराराचं कसं काढावं म्हणून मी घुटमळत होतो, तोवर त्यांनीच पर्समधून आधार कार्ड काढलं. “काका, मागच्या गावी कागद नव्हता, माझं डिपॉझिट बुडालं. आधी करार करू, सामान मग उतरवते.” टेम्पोवाला तासभर दारात थांबला.