दूर राहून सेवा कशी करायची?

आजचं वाचन : वाल्मीकी रामायण, अयोध्याकांड, सर्ग ५२

गंगाकाठी राम सुमंत्राला परत पाठवतो आणि त्याच्यासोबत निरोप देतो. आईला खुशाली अन् नमस्कार. भरताला लवकर बोलवा, आणि त्याने सगळ्या मातांशी वडिलांइतक्याच आदराने वागावं.

बघा, राम नुसती खुशाली कळवत नाही, जवळच्या माणसावर जबाबदारीही सोपवतो. आई साताऱ्याला, मी बंगळुरात. म्हणून घराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे. रविवारी व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघी मिळून तिचा आठवड्याच्या गोळ्यांचा डबा भरतो. ज्येष्ठांसाठीचा हेल्पलाइन नंबर १४५६७ तिच्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहिलाय.

तरी एक भीती उरतेच : वेळेला मी पोचले नाही तर? रामायण ही भीती खोटी ठरवत नाही. दशरथांनी प्राण सोडले तेव्हा राम जवळ नव्हता. पण त्याआधी सुमंत्र पोचला होता, निरोप कानावर पडला होता.

पोचणं आपल्या हातात असेलच असं नाही. निरोप मात्र आहे.

आज संध्याकाळी घरी फोन करा. आणि शेजारच्या काकूंनाही एक करा.

श्रीराम 🙏