रूळ गेले तरी वाट राहते

रेल्वेमार्ग बंद होतो तेव्हा प्रथम गाड्या थांबतात, पुढे रूळ आणि स्लीपर उचलून नेले जातात आणि कालांतराने स्थानकांच्या इमारती ढासळू लागतात. तथापि एक वस्तू दीर्घकाळ टिकते. ती म्हणजे मातीचा भराव आणि त्याखालील जमिनीची अरुंद पण अखंड पट्टी. ह्या पट्टीचे मोल रुळांच्या लोखंडाहून कितीतरी अधिक असते. लोखंड पुन्हा ओतता येते. परंतु गावोगावच्या शेतांतून, ओढ्यांवरून आणि वस्त्यांमधून सलग जाणारी जमीन एकदा तुकड्यातुकड्यांनी विखुरली की ती पुन्हा एकत्र करणे जवळजवळ अशक्य असते.

अशा पट्टीवर चालण्यासाठी आणि सायकलींसाठी जो पक्का मार्ग बांधतात, त्यास ह्या प्रकरणात ‘विहारपथ’ म्हटले आहे. रेल्वेची वाट त्यास विशेष सोयीची असते. भरलेली मालगाडी तीव्र चढ चढू शकत नाही. म्हणून अभियंते टेकडी खोदतात, खळगा भरतात आणि वळणे मोठी ठेवतात. सपाट प्रदेशात शंभर मीटरमागे एक मीटरपेक्षा अधिक चढ सहसा ठेवला जात नाही. इंजिनासाठी घेतलेले हे कष्ट पुढे वृद्धांच्या, मुलांच्या आणि चाकांच्या खुर्चीवरून फिरणाऱ्यांच्या उपयोगी पडतात.

आरंभ कोठे झाला

अमेरिकेत १९१६ च्या सुमारास सुमारे ४ लाख किलोमीटर रेल्वेमार्ग होते. मोटारी आणि मालट्रक यांच्या स्पर्धेपुढे त्यांपैकी पुष्कळसे मार्ग तोट्यात गेले. विस्कॉन्सिन राज्याने एल्रॉय आणि स्पार्टा ह्या गावांमधील बंद मार्गाची जमीन १९६५ मध्ये विकत घेतली आणि १९६७ मध्ये तेथे विहारपथ खुला केला. त्याची लांबी सुमारे ५१ किलोमीटर असून त्यावर तीन बोगदे आहेत. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल व बाथ ह्या शहरांमधील जुन्या मार्गावर १९७९ ते १९८६ ह्या काळात सुमारे २१ किलोमीटरचा डांबरी पथ तयार झाला. त्यासाठी सायकलप्रेमी स्वयंसेवकांनी स्वतः श्रम केले.

अमेरिकेत एक कायदेशीर अडचण उद्भवली. अनेक ठिकाणी रेल्वे कंपन्यांकडे जमिनीची मालकी नव्हती, केवळ वहिवाटीचा हक्क होता. मार्ग सोडून देताच तो हक्क संपे आणि जमीन शेजारच्या मालकाकडे जाई. ह्यावर १९८३ मध्ये कायद्यात दुरुस्ती करण्यात आली. पुढे कधी रेल्वेची गरज भासेल ह्या हेतूने पट्टी राखून ठेवावी आणि तोवर तिचा विहारपथ म्हणून उपयोग करावा, अशी ही तरतूद होती. मार्ग ‘सोडून दिलेला’ नसून ‘ठेव म्हणून राखलेला’ आहे, असे मानले गेले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये ही तरतूद वैध ठरविली.

बांधणी

रूळ आणि स्लीपर काढल्यावर खाली खडीचा थर उरतो. पाण्याचा निचरा तो उत्तम करतो. तो सपाट करून रुळाने दाबला की पायाचे काम आयते होते. त्यावर बारीक चुनखडीचा चुरा, डांबर किंवा काँक्रीट घालतात. पुलांच्या गर्डरवर फळ्या बसवून दोहो बाजूंस कठडे उभारावे लागतात. जुन्या लाकडी स्लीपरांना वाळवीपासून रक्षणासाठी क्रिओसोट हे तेल पाजलेले असे. त्यामुळे भरावाची माती दूषित झाली आहे काय, हे आधी तपासणे आवश्यक असते. जेथे पूर्वी फाटक होते तेथे आता पादचाऱ्यास मोटारींच्या रस्त्यावरून जावे लागते. अशी ठिकाणे सुरक्षित करण्याकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

मयिलाडुतुरै ते तरंगंबाडी

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात, जुन्या तंजावूर जिल्ह्यात, ह्या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण आहे. तरंगंबाडी हे बंदर १६२० मध्ये रघुनाथ नायकाशी झालेल्या करारान्वये डेन्मार्कच्या व्यापाऱ्यांना मिळाले आणि १८४५ मध्ये ते इंग्रजांस विकण्यात आले. १८६१ मध्ये नागपट्टिणम ते तंजावूर रेल्वे सुरू झाली, तसा व्यापार नागपट्टिणमकडे वळला आणि तरंगंबाडी मागे पडले. तेथे रेल्वे पोहोचली ती १९२६ मध्ये. मयिलाडुतुरैहून निघणारा हा सुमारे ३० किलोमीटरचा मीटरगेज फाटा १९८६ मध्ये बंद झाला.

ह्या वाटेवरील गावे सामान्य नव्हेत. तिरुक्कडैयूर येथील अमृतघटेश्वर व अभिरामी यांच्या मंदिरात षष्ट्यब्दपूर्ती करण्यासाठी दूरदूरची दांपत्ये येतात. तिल्लैयाडी हे दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहात प्राण वेचणाऱ्या वल्लियम्मैच्या पूर्वजांचे गाव; गांधीजी १९१५ मध्ये तेथे गेले होते. अखेरीस डॅन्सबोर्ग किल्ला आणि समुद्र. भातशेतीच्या सपाटीत रेल्वेचा भराव उंच असतो आणि पाटांवर मोऱ्या असतात. चालणाऱ्यास पावसाळ्यातही कोरडी वाट मिळावी अशीच ही रचना आहे.

परंतु ह्या भागातील लोकांची मागणी विहारपथाची नाही. बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू व्हावी, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते समजण्यासारखे आहे. ज्यांना इस्पितळात, महाविद्यालयात किंवा बाजारात जायचे आहे, त्यांना फेरफटक्याच्या वाटेपेक्षा आगगाडी अधिक मोलाची वाटणारच. वस्तुतः ह्या दोन उद्दिष्टांत विरोध नाही. दोहोंनाही पट्टी अखंड हवी. भारतात रेल्वेची जमीन सामान्यतः संपादन करून सरकारच्या मालकीची झालेली असल्याने अमेरिकेसारखा हक्काचा पेच येथे नाही; धोका आहे तो अतिक्रमणाचा आणि तुकड्यातुकड्यांनी होणाऱ्या अन्य वापराचा. लोकांच्या रोजच्या वापरात असलेल्या वाटेवर अतिक्रमण करणे कठीण जाते, हा विहारपथाचा मोठा लाभ आहे.

छत्रांची शिकवण

वाट बांधली म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. तंजावूरच्या मराठी राजघराण्यास हे चांगले ठाऊक होते. रामेश्वरास पायी जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी त्यांनी ठिकठिकाणी छत्रे उभारली. नीडामंगलमचे यमुनांबा छत्र आणि ओरत्तनाडु येथील मुक्तांबा छत्र ही त्यांपैकी प्रसिद्ध होत. १७९९ च्या करारानंतर राज्यकारभार इंग्रजांकडे गेला. तेव्हा १८०१ मध्ये सरफोजी राजांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांस पत्र लिहून छत्रांतील अन्नदानाची आणि आजाऱ्यांच्या शुश्रूषेची माहिती दिली व ही व्यवस्था चालू राहावी असा आग्रह धरला. राज्य गेले तरी वाटसरूची सोय जाऊ नये, अशी त्यामागे भावना होती.

युरोपातील थंड हवेत उघडा डांबरी पथ चालतो; तंजावूरच्या उन्हात तो दुपारी ओस पडेल. येथे कडुनिंब आणि करंज यांची सावली हवी, काही अंतरावर पिण्याचे पाणी हवे आणि विसाव्यास छप्पर हवे. जेथे जुन्या स्थानकांच्या इमारती उभ्या आहेत, तेथे त्याच नवी छत्रे होऊ शकतील. पण सर्वांत आधी करावयाचे काम अगदी साधे आहे. जमिनीची मोजणी करून हद्दीचे दगड रोवावेत आणि पट्टी कोठेही तुटू देऊ नये. पुढे तीवर गाडी धावो वा माणसे चालोत, तो निर्णय नंतरही करता येईल. पट्टी तुटली तर निर्णय करण्यासारखे काही उरणार नाही.